झोपलेल्याचा वाटा

माझा भाऊ वर्षातून दोन-तीनदा झोपतो, आणि झोपला की आठवडाभर उठत नाही. जेवायला हलवून जागं केलं तर डोळे अर्धवट मिटलेले. पुढ्यात येईल तितका भात खातो, चिडतो, पुन्हा आडवा. मग एका सकाळी अगदी पहिल्यासारखा उठतो. आरमोरीकडच्या आमच्या गावानं याचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं: दारू, नाहीतर करणी. दोन्ही खोटं.

गेल्या उन्हाळ्यात मच्छीमारांची बैठक बसली. आमच्या तलावावर जाळ्याचा दोर धरेल त्यालाच मासळीचा वाटा. लागोपाठ दोनदा जाळं ओढलं तेव्हा भाऊ झोपेत होता. त्याचं नाव काढायचं चाललं होतं. आमचं घर त्या वाट्यावर चालतं.

मी गावोगाव आरोग्याची पत्रकं वाटणारी. उठले आणि पत्रकासारखीच बोलले, "नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, त्याच्या मेंदूत जागं ठेवणारं रसायन कमी पडते. हा आळस नाई, आजार आहे!"

"मलेबी कमी पडते, बाई," मागून कोणीतरी म्हणालं. "माह्या बायकोले सांगून दे जरा."

सगळे हसले. मच्छीमारांचा म्होरक्या हसला नाही. "कमी पडते तं डॉक्टर भरून काऊन देत नाई? इंजेक्शन असन ना."

डॉक्टर इतकं सरळ बोललेच नव्हते. मेंदूच्या तळाशी झोप आणि भूक सांभाळणारा भाग असतो. तिथलं जागं ठेवणारं एक द्रव्य काही रुग्णांमध्ये त्या दिवसांत उतरतं, मग परत चढतं. सगळ्यांमध्ये नाही. का, ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही.

"खात्रीचं औषध नाई, काका. नेमकं कारणबी माहीत नाई."

"मंग आमी मानाव काय?"

तेव्हा भाऊ बोलला. इतका वेळ मान खाली घालून बसला होता. "काका, झोप गोड असते ना? हे तशी नाई. जागं केलं तरी सगळं सपनावाणी दिसते. माय बोलते ते दुरून आल्यासारखं. माही पोरगी जवळ आली तं तिले ढकलून देतो म्हणतात. मले आठवत नाई."

कोणी हसलं नाही.

"नाव राहू दे," म्होरक्या म्हणाला. "पण दोर रिकामा चालत नाई."

"मी धरीन."

"बाई? जाळ्यावर?"

"बाजारात मासे विकाले बाई चालते, इथी काऊन नाई?"

"भिजला दोर जड असते, पोरी," एवढंच तो म्हणाला.

हिवाळ्यात भाऊ पुन्हा झोपला. मी छातीभर पाण्यात उभी राहिले, तळहात सोलून निघाले. वाटा त्याच्याच नावानं घरी आला. मायनं रस्सा केला. भावानं डोळे न उघडता दोन ताटं संपवली. खाऊ दे. हक्काचं होतं.