पाण्याखालचं अंगण

भाऊजी गेल्याची बातमी आली तेव्हा ऐन थंडीत बारीक पाऊस लागला होता. ताईचा फोन होता. "सकाळी उठलेच नाही रे," एवढंच म्हणाली... आईला सांगायला मी आत गेलो, तर माझा चेहरा पाहून ती आधीच उठून बसली.

सुधाकर भाऊजी, माझ्या ताईचे यजमान, लाखनीच्या शाळेत भूगोल शिकवायचे. पक्ष्यांचा त्यांना भारी नाद. हिवाळ्यात पाऊस आला की बाकीचे शेकोटीजवळ सरकत आणि हे रेनकोट चढवून गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर जात. अशा दिवशी माणसं नसतात, पाखरं काठाजवळ येतात, म्हणायचे. आमचं जुनं गाव त्याच पाण्यात गेलेलं. पुनर्वसनातलं आमचं घर त्यांच्या वाटेवर, म्हणून ते चहाला थांबत आणि पाहिलेल्या बदकांबद्दल आईला सांगत बसत. ती ऐकून घ्यायची.

एकदा अशाच ओल्या सकाळी ते आईलाही काठावर घेऊन गेले. मी तिच्यावर छत्री धरून होतो. समोर चक्रवाकांचा विटकरी थवा उतरलेला. भाऊजी हरखून गेले. सासूला म्हणाले, "मामी, हे पाणी भरलं म्हणून, नाही तर एवढे पाखरं आपल्याकडं आलेच नसते."

आई थव्याकडेच पाहत होती. "थे जिथं बसून राहिले ना, जावईबापू, तिथंच कुठंतरी माहं आंगन आहे."

भाऊजींची दुर्बीण हळूच खाली आली. परतल्यावर दाराशी थांबून मला म्हणाले, "भूगोल शिकवतो रे मी... मले लाज वाटून राहिली."

पुढच्या हिवाळ्यात ते फिरकलेच नाहीत. एकोडीच्या तलावावर जातात, असं ताईकडून कळायचं. कारण तिलाही माहीत नव्हतं. शेवटी आईने मला फोन लावायला लावला. समजूत वगैरे काही घातली नाही. "या तुमी. माह्या आंगनात कोन उतरलं, थे मले दाखवा."

ते आले. आईच्या गळ्यात दुर्बीण घातली, तिच्या हातांना खालून आधार दिला, एकेका पक्ष्याचं नाव सांगितलं. स्वतः मात्र त्या दिवशी दुर्बीण डोळ्याला लावली नाही. नंतर ते दरवर्षी येत राहिले, पण त्या काठावर पुन्हा तसे कधी हरखले नाहीत. आईच्या मनात काही उरलं नव्हतं. त्यांच्या मनातून ते गेलं नाही.

परवा ताई आली होती. रिमझिम असूनही पाण्यावर जाऊ म्हणाली. काठ बराच लांब असतानाच तिने चपला काढून हातात घेतल्या. पुढे काटे आहेत, घाल, असं मी म्हटलं. तर म्हणाली, ते इथूनच जोडे काढून चालायचे. तिने एकदा कारण विचारलं होतं. "कोनाच्या घरात जोडे घालून जातेत का?" असं म्हणाले होते.

मी कितीदा तरी त्यांच्या मागून ही वाट चाललो होतो. जोडे भिजू नयेत म्हणून काढत असतील, असंच समजत आलो... ताई पुढे निघाली. मी खाली वाकलो आणि बुटांच्या नाड्या सोडू लागलो.