खिशाचा फर्मा

कपाट आवरताना टेलरच्या खडूचा वास आला आणि तो दिवस लख्ख आठवला. त्याच्या सहा महिने आधी बाबांच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात बारीकशी गाठ दिसली होती, म्हणून त्या दिवशी पुन्हा स्कॅन काढला होता. डॉक्टर म्हणाले, "जुनी फिल्म आणा, शेजारी लावून बघतो, गाठ वाढलीय का ते कळेल." बाबा खाली बघत पुटपुटले, "अगं, एवढी कडक शीट, वाया कशाला घालवायची? जीन्सचे खिसे बेतायला चार फर्मे कापले मी तिचे." मी किंचाळलेच! स्कूटर सुसाट काढून अंबरनाथच्या दवाखान्यातून कॅम्प चारमधला आमचा जीन्सचा कारखाना गाठला. भिंतीवरच्या खिळ्याला चारही फर्मे लटकत होते, कडा खडूने निळ्या झालेल्या. ओढणीने पुसले, जुळवून सेलोटेप लावली आणि तशीच उलट पळाले. डॉक्टर आधी पोट धरून हसले, मग त्यांनी दोन्ही फिल्म उजेडावर लावून पट्टी घेतली. तेवढ्यात बाबाच चष्मा सावरत पुढे वाकले. तीस वर्षं कापड बेतणारी नजर ती. "एक सूतही फरक नाही," ते म्हणाले. डॉक्टरांनी मोजलं, पुन्हा मोजलं. "बरोबर. तेवढीच आहे!" मी तिथेच टाळ्या पिटल्या. आज कपाटात नंतरच्या फिल्मचं पाकीट सापडलं, त्यावर निळ्या खडूने बाबांनी मोठ्ठं लिहिलंय, "कापू नये". आणि लिहिणाऱ्याचं शिलाई मशीन बाहेर धडाधड चालू आहे.