त्या नटाची सही

फडताळातले जुने कागद बदलताना डब्यांखालून एक देखणा नट निघाला. मासिकातली सिगारेटची जाहिरात होती. एक भुवई वर, ओठांत सिगारेट, आणि खाली सहीनिशी ग्वाही, की मी हीच ओढतो. तेलाचे डाग पडूनही रुबाब तसाच होता.

काय बावळट होते मी, याच रुबाबावर भाळले होते! बघायला आलेल्या मास्तरांच्या हातात पोह्यांची बशी देताना मी हळूच विचारलं होतं, "सिगारेट ओढता का हो?" ते गडबडून "हो" म्हणाले. आयुष्यातलं पहिलं पाकीट त्यांनी त्याच संध्याकाळी घेतलं, हे मला लग्नानंतर कळलं. त्या नटाने तरी ती कधी ओढली होती का, देव जाणे. तो सही करून मोकळा झाला. ओढायचं काम आमच्या घरी आलं.

आत हे खोकत होते. सिगारेट सुटून वर्षं झाली, खोकला काही सुटला नाही. पाण्याचा पेला देत नात त्यांना रागावत होती, "आजोबा, कुणी लावली हो तुम्हाला ही सवय?"

"मित्रांनी," हे म्हणाले. इतकी वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलेत.

मी तो कागद घेऊन दारात उभी राहिले. "मित्रांनी नाही गं. मी लावली."

नात बघतच राहिली. हे मात्र माझ्यावरच वैतागले, "कशाला सांगितलंस? चांगलं लपवलं होतं मी."