कुकडेश्वरच्या अंधाऱ्या मंडपात

सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची, नजर काचबिंदूने गेली, तेव्हापासून मी देवासमोर हात जोडणं सोडलं होतं. देवाशी भांडलो असं नाही. फक्त सकाळी ती चाचपडत देवघरात दिवा लावायची तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसायचो. तिने त्याबद्दल कधी विचारलं नाही. ओतूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. शेतावरच्या पंपाच्या मोटारी जळून यायच्या आणि पाण्याची वेळ कुणाचीच थांबत नाही, त्यामुळे सुट्टी अशी मला कधी मिळालीच नाही. सुमनला कुकडी नदी उगमापासून बघायची फार हौस. तिचं माहेर पिंपरी पेंढार, इथून हाकेच्या अंतरावर. पण तिकडे वर, घाटाच्या बाजूला, ती कधी गेली नव्हती. दर दिवाळीला विषय निघायचा आणि दर दिवाळीला दुकानात मोटारींची रांग असायची. आमचं जाणं झालं ते तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं तेव्हा.

मुलीने बुकिंग केलं होतं. दोन दिवस कुकडीवरच्या धरणाच्या फुगवट्यातून लाँचने फिरायचं, मुक्काम काठावर तंबूत, आणि शेवटच्या दिवशी जीपने गाईडबरोबर वरची ठिकाणं बघायची. लाँचवर सुमन खुशीत होती. काठाशी बसून बोटं पाण्यात सोडायची, वारा कुठून येतोय ते सांगायची. माझाच जीव रमत नव्हता. पलीकडे डोंगरावर कोवळं ऊन पडलेलं, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि मी तिला सांगतोय, "डोंगर आहे. हिरवा आहे." याच्यापुढे मला शब्दच सुचायचे नाहीत. तीस वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळलेला माणूस मी. डोंगराचं वर्णन कसं करतात?

शेवटच्या दिवशी तर फारच जड गेलं. आमचे गाईड जुन्नरचे नईमभाऊ, मोठे बोलके आणि अगत्याचे. पण गाईडच्या तोंडी सारखं "इकडे बघा, तिकडे बघा" येणारच. एकदा बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. सुमन म्हणाली, "अहो भाऊ, सांगा तुम्ही. मी ऐकतेय." नाणेघाटात बरोबरचे सगळे प्रवासी कड्याकडे धावले, आम्ही दोघं जीपजवळच थांबलो. मला वाटलं, आपण हिला इथे आणून काय साधलं? उगाच जखमेवर बोट ठेवलं.

तिथून कुकडेश्वरला आलो. दगडी, जुनं, कोरीव शिवमंदिर. जवळच कुकडीचा उगम. नईमभाऊ सगळ्यांना झऱ्याकडे घेऊन निघाले. वाट खडकाळ होती. सुमन म्हणाली, "तुम्ही बघून या आणि मला सांगा." तिला झाडाखालच्या ओट्यावर बसवलं, काठी हातात दिली आणि मी गेलो. खरं सांगायचं तर घटकाभर सुटल्यासारखं वाटलं. परत आलो तर ओट्यावर नुसती काठी होती.

काठीशिवाय ती घरीही अंगण ओलांडत नाही. आधी हाक मारली, मग ओरडलो. पाण्याचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. नईमभाऊ म्हणाले, "काका, तुमी देवळाकडं बघा, मी पाण्याकडं जातो. घाबरू नका, लांब न्हाई गेल्या काकू." त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला होता. देवळाकडे पळताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, महादेवा, सांभाळ रे. किती दिवसांनी त्याचं नाव घेत होतो. त्याच्याकडे काही मागायचा हक्क आपल्याला उरला आहे का, हेही तेव्हा मनात आलं नाही.

उन्हातून एकदम मंडपात शिरलो तर समोर काळाकुट्ट अंधार. डोळ्यांपुढे काहीच नाही. आणि त्या अंधारातून सुमनचा आवाज आला, "सावकाश या. पायाशी पायरी आहे. वर दगड आहे, डोकं वाकवा."

मी वाकलो. तिने हात पुढे केला असावा, तो माझ्या हाताला लागला. तिने मला धरून भिंतीशी नेलं आणि माझा तळहात गार दगडावर ठेवला. "हा हत्ती. ही सोंड. इथून वेल सुरू होतो, बघा, किती लांब गेलाय." तिच्या शेजारी कुणी बाई होती. डोळे सरावले तशी दिसली. लुगडं नेसलेली, हातात बेलाच्या पानांची टोपली. ती म्हणाली, "उन्हात एकल्या बसल्या व्हत्या, म्हून म्या म्हनलं चला माय आत, लई गार हाय." सुमनने विचारलं, "आणि मघाची ती मूर्ती कुणाची हो?" बाई हसली. "मला बी ठावं न्हाई. मी रोज निसता हात लावून पाया पडते."

मी पिंडीसमोर खाली बसलो. हात केव्हा जोडले गेले कळलं नाही. उठलो तेव्हा ती बाई निघून गेली होती. बाहेर येऊन सगळीकडे बघितलं. नुसती एक पाऊलवाट डोंगराकडे गेलेली. नईमभाऊ म्हणाले, वरच्या वाडीतली असेल. असेल. मला तिचे आभारही मानता आले नाहीत.

परतताना जीपमध्ये सुमन माझ्या शेजारी बसली होती. मला वाटलं, आता ती म्हणेल, सगळं पाहिल्यासारखंच झालं. मला ते ऐकायचं होतं. ती म्हणाली, "आधी आलो असतो ना, तर डोळ्यांनी पाहिलं असतं हो." आवाजात राग नव्हता. मी तिचा हात धरला. ती हळहळ माझ्याजवळ राहणार आहे. त्या दिवशीच्या कृपेने ती पुसली नाही. पण ती हळहळ घेऊनही देवासमोर जाता येतं, एवढं मला कळलं.

आता सकाळी देवघरात आम्ही दोघं असतो. तिची नजर परत दे, असं मागवत नाही. काय मागावं तेच कळत नाही, म्हणून काही मागत नाही. हात जोडून नुसता उभा राहतो. किती वेळ उभं राहायचं ते सुमनला ठाऊक असतं. ती वळली की मी वळतो.