फळ्यावरचं घरचं वाक्य

मागच्या बाकावर वैशालीचे वडील बसले होते आणि वैशाली फळ्यावर त्यांचंच वाक्य लिहीत होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

क्रांती चौकात मी स्पर्धा परीक्षेचं रीझनिंग शिकवतो. गृहीतकाचा चॅप्टर आला की प्रत्येकाने घरात ऐकलेलं एक वाक्य आणायचं, हा माझा नियम. गृहीतक म्हणजे बोलणारा जे धरून चालतो, पण तोंडाने सांगत नाही ते. ओळखायची युक्ती सोपी. ते खोटं माना. वाक्य कोसळलं, तर ते गृहीतक. 'आज नळाला पाणी येणार, मोटार लाव' यात लाइट असेल हे धरलेलं असतं. दर वेळी असलंच काहीतरी येतं.

त्या दिवशी आलं: 'या खेपेला पास झाली नाय, तर पोरीचं लग्न उरकून टाकू.'

वडील गावाकडून, करमाडहून, तिला न्यायला आले होते. नापास झालीच तर स्थळ हाताशी असावं म्हणून रविवारी पाहुणे तिला बघायला येणार होते. बाहेर लई ऊन म्हणून मीच त्यांना आत बसवलं. कुठून दुर्बुद्धी सुचली, असं झालं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि आता हा माणूस पोरीचा क्लास बंद करणार. मी डस्टर उचललं, पण पोरं उत्तरं द्यायला लागली होती. एक म्हणाला, स्थळ मिळेल हे धरलंय. बरोबर होतं.

वैशाली खडू धरून तशीच उभी होती. "अजून एक राह्यलं, सर. पोरगी तयार हाय, हे बी धरलंय."

मागून वडिलांनी मलाच विचारलं, "सर, ते खोटं मानलं तर?"

सारवासारव करावीशी वाटली. पण पोरं माझ्याकडेच बघत होती.

"मग वाक्य टिकत नाही, काका."

ते उठले. "वैशे, हे घरी सांगायचं व्हतं ना."

"तुम्ही इचारलंच नाय, अण्णा."

ते बाहेर गेले. संपलं सगळं, असं मी धरून चाललो. जिन्यातून त्यांचा आवाज आला. फोनवर कुणाला तरी सांगत होते, रविवारी येऊ नका, पोरीशी बोलून कळवतो.

वैशाली त्या खेपेला पास झाली नाही. नव्या बॅचला तिला अण्णाच गाडीवर सोडायला येतात. आत बसा म्हटलं तर बाहेरच बरंय म्हणतात. मीही आता घरचं वाक्य मागण्याआधी मागचा बाक बघून घेतो.