पामेरियनच्या घशातला काटा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इंद्रलोक या वस्तीतल्या नव्या इमारती भरत होत्या आणि बऱ्याच घरांत पांढरा पामेरियन दिसायचा. आमचा खोकायचा. आधी बदकासारखा कोरडा आवाज, मग मान लांब करून ओकारी काढणं, शेवटी थोडा फेस. उलटी मात्र होत नसे.

वडिलांचा कचेरीतला सहकारी किनाऱ्यावरच्या तारोडी गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याने एकदा ऐकून निकाल दिला, "माशाचा काटा हाय घशात. कोरड्या भाताचा गोळा द्या, उतरंल." आम्ही मराठवाड्यातून आलेलो. माशाच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या माणसाचं ऐकायचं, असं घरात ठरलेलं होतं. रोज भाताचे गोळे सुरू झाले, मग केळी. कुत्रा जाड झाला आणि खोकला वाढला.

शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं. "भाभी, इसको टीबी तो नहीं है ना?" शेजारणीने आईला जिन्यात विचारलं. वडिलांनी ते मनावर घेतलं. रविवारी कुत्रा कायमचा आपल्या घरी, तारोडीला न्यायचं सहकाऱ्याने कबूल केलं. आई दिवसभर घरात एकटी असायची. नव्या वस्तीत तिला सोबत त्या कुत्र्याचीच होती.

शनिवारी ती त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली. माझं कॉलेज लवकर सुटलं होतं, मीही गेले.

"खोकतो कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेल वाजली की. साखळी ओढली की. जिना चढून आला की."

"जेवताना?"

"नाही. जेवताना तर कधीच..." आई थांबली. "म्हणजे काटा नाहीच की हो!"

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, छाती तपासली आणि गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली. तोच बदकाचा आवाज आला. मग त्यांनी समजावलं. लहान जातीच्या कुत्र्यांत श्वासनलिकेच्या कड्या नरम पडतात. श्वास जोरात चालला किंवा पट्टा दाबला की नळी चपटी होते. ओकारी पोटातली नसते, ती खोकल्याचंच शेवटचं टोक असते. बाळाला लागण्यासारखं यात काही नाही. हे पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतं. गळ्यातला पट्टा काढायचा, छातीवरून बांधायचा, वजन उतरवायचं, खोलीत डासांची कॉईल लावायची नाही.

"आणि याला एवढं फुगवलं कोणी?"

"भातानं," आई म्हणाली.

संध्याकाळी तिने खाटेची उरलेली नवार कापून छातीचा पट्टा शिवला आणि वडिलांना सगळं सांगितलं. ते "बघू" म्हणाले.

रविवारी बेल वाजली. कुत्रा दाराकडे धावला आणि खोकला.

"काटा अजून हाय वाटतं, वहिनी," सहकारी म्हणाला.

"काटा नाही, भावजी. नळी नरम आहे त्याची. तुमच्याकडे बांधणार कसा?"

"दोरीनं. गळ्याला. कुत्र्याला आणखी कुठं बांधतात?"

आईने वडिलांकडे पाहिलं.

"राहू दे रे," वडील म्हणाले. "आमच्याकडेच राहू दे."

"मग सुट्टीच्या दिवशी मला कशाला बोलावलंस?"

"जेवायला."

कुत्रा म्हातारा होईपर्यंत आमच्याकडे होता. खोकला अधूनमधून यायचा. तसा तो आला की आई कुत्र्याला उचलून शांत करायची, आणि बेल वाजवणाऱ्याला तेवढा वेळ दाराबाहेर थांबावं लागायचं.