गाळाचे दिवस

जगातलं कुठलंही काम मुळात पूलच असतं, अशी अमरावतीच्या आमच्या साडूभाऊंची श्रद्धा आहे. एका कंत्राटदाराकडे कामांची वेळापत्रकं आखण्यात त्यांचा जन्म गेला. तरुणपणी बार्शीटाकळीकडच्या एका पुलासाठी त्यांनी संगणकावर एक तक्ता बसवला. पुढे शाळा असो, गोदाम असो की मेव्हणीचं लग्न, तोच तक्ता नाव बदलून वापरला. लग्नात 'पायाखोदाई'च्या जागी 'साखरपुडा' आला. 'भार चाचणी' मात्र तशीच राहिली. नवरदेव मीच असल्यामुळे ते वाचून मी मांडवात दिवसभर जपून पावलं टाकत होतो.

अकोल्यात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. गुडघे गेल्यापासून आईचा जिना बंद झाला आणि तिचं जग खिडकीएवढं उरलं. खाली तिच्यासाठी एक खोली बांधायचं ठरलं. बायकोने ते बहिणीला सांगायचा अवकाश, रविवारी साडूभाऊ लॅपटॉप घेऊन दारात! तक्त्यात वरच्या बाजूलाच ओळ होती: 'नदीपात्रातला गाळ काढणे – पंधरा दिवस'.

"इथं नदी कुठंय?" मी विचारलं.

"नाहीच ना. पण थे ओळ काढली का खालचं सारं हालते. राहू द्या तुमी."

मग रोज सकाळी फोन. "वीट आली का? काहून नाही आली?" तोंडात ब्रश धरून, डोक्याला साबण असताना, चालू स्कूटरवर उत्तरं देऊन देऊन मी पार थकलो. त्यातच पाया भरून झाला आणि गवंडी कौंडण्यपूरच्या यात्रेला गेला तो गेलाच. आई वरून रोज विचारी, "आला का रे थो?" शेवटी मी वैतागून साडूभाऊंना कळवलं, तर स्वारी खूश.

"काहीच बिघडलं नाही! गाळाचे दिवस हायेत ना आपल्यापाशी!"

आणि खरंच, ठरल्या दिवशी खोली तयार झाली. आम्ही आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. ती दारात बसली आणि भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून मनसोक्त भांडली. साडूभाऊ शेजारी उभे राहून ऐकत होते. लॅपटॉप त्यांनी त्या दिवशी उघडलाच नाही.

नंतर फोन थांबले. मला हायसं वाटायला हवं होतं. यंदा ते निवृत्त झाले, मुलं पुण्याला. परवा अचानक फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "घरी काही काम काढून राहिले का?"

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती.

"काढतोय ना," मी म्हणालो. "कुंपणाची भिंत. पण सुरुवात कुठून करावी, काही सुचत नाही."

"हात लावू नका कशाले," ते एकदम म्हणाले. "मी येऊन राहिलो."

आईची खोली झाल्यापासून आमच्या घराला कुंपण घालायला वीतभरही जागा उरलेली नाही. ते आल्यावर सांगेन त्यांना. निदान जेवणं झाल्यावर.